नको तेव्हा हसू फुटतं, मी दगडाच्या काळजाची आहे का?

"नोकरी गेली असं दादानं फोनवर सांगितलं आणि मी फिसकन हसले, मॅडम." हे सांगतानाही ती हसली आणि लगेच तोंडावर हात गेला. त्या दिवसापासून भाऊ तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

माणूस गेलेल्या घरी, साहेब झापत असताना, ऐन भांडणात हसू फुटतं, ही तक्रार घेऊन बरेच जण येतात. माझ्यात भावनाच नाहीत का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

आधी काही गोष्टी विचारून घेतल्या. मनात काही नसतानाही हसू किंवा रडू उसळतं का? आवरता आवरत नाही का? डोक्याला मार लागणं, पक्षाघात असं काही झालंय का? मेंदूच्या काही आजारांत असं होतं, त्यावर औषधंही आहेत. तशी शंका आली असती तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तिचं तसं नव्हतं.

मग तो फोन तिला जसाच्या तसा सांगायला लावला. "घराचे हप्ते कसे भरणार, कोण जाणे." हसू. "वहिनीला अजून सांगितलं नाहीये म्हणाला." परत हसू. जिथे पोटात गोळा येत होता, नेमकं तिथेच, आणि दर वेळी वाक्य संपल्यावर. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या रोजच्या गप्पांमधलं हसणं टिपलं होतं. विनोद म्हणता येईल अशा बोलण्यावर आलेलं हसू जेमतेम 10 ते 20 टक्के निघालं. बाकीचं अगदी साध्यासुध्या वाक्यांवर, तेही बहुतेक वाक्याच्या शेवटी.

तिला स्टॅनली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा 1963 साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही सांगितला. आपण दुसऱ्याला विजेचे झटके देतोय, अशी समजूत करून दिलेल्या 40 जणांपैकी 14 जण ताणाखाली हसत होते. झटके खोटे होते, ताण खरा होता. आपल्याला यात मजा येत नव्हती, हे त्यांनी नंतर आवर्जून सांगितलं.

"पण दादाला हे कसं कळणार?" तिनं विचारलं. मुद्द्याचा प्रश्न! फोनवर चेहरा दिसत नाही, भावाच्या कानावर पडलं ते फक्त हसू.

ओठ चावणं, चिमटा काढणं तिचं करून झालं होतं. दाबलेलं हसू बहुधा जास्तच जोरात बाहेर येतं, म्हणून ते सोडायला सांगितलं. त्याऐवजी एक वाक्य तयार ठेवायचं ठरलं: "हसू आलं रे, पण मी घाबरलेय. तू सांग पुढे." हसू आल्या आल्या म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. लांबलचक खुलासे मला पटत नाहीत. समोरच्याचं दुःख राहतं बाजूला आणि आपल्याच हसण्याचं पुराण सुरू होतं.

तिनं भावाला फोन केला. हसू आलंच. तिनं ते वाक्य म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुला काही पडलेलीच नाही." मग हप्त्यांचं बोलणं निघालं.

हसू कायमचं जाईल का, असं ती अजूनही विचारते. कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही, असं मी सांगते. सध्या साहेबांसमोर काय म्हणायचं यावर आमचं काम चाललंय. तिथे "मी घाबरलेय" म्हणायची तिची तयारी नाही, आणि मलाही तो आग्रह धरावासा वाटत नाही.