वर सरकणारी स्क्रीन आणि वकिलांचं दप्तर

प्रश्न : मी कोल्हापुरात वकिली करते. ऑगस्ट 2025 मध्ये इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून दिवस पीडीएफ वाचण्यातच जातो. 14 इंची लॅपटॉपवर पान अर्धंच दिसतं. वर-खाली करून मान आणि बोटं भरून येतात. बटण दाबलं की स्क्रीन वर सरकून 16.7 इंची होते, असा लेनोवोचा लॅपटॉप व्हिडिओत पाहिला. पावणेतीन इंचांसाठी एवढा पैसा घालावा का? आणि गुंडाळलेली स्क्रीन मोडत नाही का?
– एक वकील, नागाळा पार्क

उत्तर : वकीलताई, त्या पावणेतीन इंचांवर जाऊ नका. स्क्रीन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतात. या लॅपटॉपची रुंदी आहे तेवढीच राहते, सगळी वाढ उंचीत होते. पावणेनऊ इंचांची उंची साडेबाराच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ चार इंच जास्त. तुमचं पत्र आल्यावर मी त्या मापाचा पुठ्ठा कापला आणि त्यावर ए-फोर कागद ठेवला. कागद 11.7 इंच उंच असतो. अख्खा बसला, वर बोटभर जागाही राहिली. वरच्या मेनूच्या पट्ट्या धरल्या तर पान किंचित लहान करावं लागेल, पण पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत एका नजरेत दिसेल. दिवसभर वाचणाऱ्या माणसाला याची किंमत कळते, म्हणून तुमची ओढ मला अगदी रास्त वाटते.

आता मोडण्याचं. नेहमीच्या एलसीडीत काच असते आणि तिच्यामागे उजेडाचा थर असतो, त्यामुळे ती वाकत नाही. या लॅपटॉपची स्क्रीन ओलेड प्रकारची आहे. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागून उजेड लागत नाही. ते ठिपके पातळ प्लास्टिकवर बसवता येतात, म्हणून ती स्क्रीन वळते. या लॅपटॉपात जादाचा भाग कीबोर्डच्या खाली वळून बसलेला असतो आणि मोटर तो वर ओढते. नमुना 2023 साली बार्सिलोनात दाखवला होता. विकायचं मॉडेल जानेवारी 2025 मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात जाहीर झालं, तेव्हा किंमत 3,499 डॉलरपासून पुढे होती. आपल्या रुपयांत तीन लाखांच्या घरात, कर वेगळा.

स्क्रीन 20,000 वेळा वर-खाली करून तपासली आहे, असं कंपनी सांगते. दिवसाला दहा वेळा धरलं तर साडेपाच वर्षं निघतात. पण तुम्ही प्रत्येक तारखेला उघडणार, वकिलांच्या बार रूममध्ये उघडणार, घरी परत उघडणार. तीस वेळा धरा, की हाच आकडा दोन वर्षांच्या आत संपतो. 20,000 झाले की त्याच दिवशी बंद पडेल असं नाही, पण झीज चालूच असते.

माझी काळजी मात्र दुसरीच आहे. राजारामपुरीत दुरुस्तीच्या बाकावर वीस वर्षं बसतोय. पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप उघडला की बहुतेक वेळा बिजागरीपाशी डिस्प्लेची केबल सोललेली दिसते. केसाएवढ्या तारा, त्यातली एक तुटली की स्क्रीनवर उभी रेघ. हे साध्या झाकणाचं झालं. इथं तर स्क्रीनच रोज सरकणार. मी स्वतः घडीचा फोन घेतला होता. दुसऱ्या पावसाळ्यात घडीवर काळी रेघ आली. स्क्रीन मागवली, महिना गेला आणि फोनच्या निम्म्या किमतीएवढं बिल झालं. फोन नसला तर निभावतं. उद्या सुनावणी असलेल्या वकिलाला महिनाभर थांबून चालेल का?

म्हणून माझं स्पष्ट मत असं : उंची आजच घ्या, सरकणारी स्क्रीन आत्ता नको. दप्तरात मावणारा 15.6 इंची पोर्टेबल मॉनिटर मिळतो, वजनाला किलोच्या आत. तो उभा केला की साडेतेरा इंच उंची मिळते. रुंदी साडेसात इंचांच्या जरा वर, त्यामुळे ए-फोर पान थोडं बारीक दिसतं, पण पूर्ण दिसतं. घेताना तो उभा टेकतो का ते दुकानातच बघा, काहींचं स्टँड आडवंच असतं. ऑफिसात टेबलावर 24 इंची मॉनिटर ठेवा, पण स्क्रीन उभी फिरवता येईल असंच स्टँड मागा. दुकानदार साधं स्टँड पुढे करतील, घेऊ नका. दोन्ही मिळून तीन लाखांचा दहावा हिस्सा होईल. सरकणाऱ्या स्क्रीनचे सुटे भाग इथं आठवड्यात मिळायला लागले, की मीच तुम्हाला घ्या म्हणेन.

प्रश्न : माझं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे. ड्रॉइंग मोठं दिसावं म्हणून असाच लॅपटॉप शॉपमध्ये ठेवला तर?
– एक कारखानदार

उत्तर : नको साहेब. तुमच्या भागातून आलेले लॅपटॉप मी उघडतो तेव्हा पंख्यावर काळी, तेलकट धूळ थापलेली असते, ब्रशनं निघत नाही, खरवडावी लागते. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. तो सरकत्या स्क्रीनच्या फटीत गेला तर प्लास्टिकवर ओरखडे ओढत जाईल. शिवाय तुमची ड्रॉइंगं आडवी आणि ही स्क्रीन वाढते उभी. केबिनमध्ये 27 इंची मॉनिटर भिंतीला लावा, लेथच्या बाजूची खिडकी बंद ठेवा आणि लॅपटॉपचा पंखा दर सहा महिन्यांनी साफ करून घ्या.