आधी म्हणून दाखव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो, म्हणून नुसतं "बघू" म्हणालो. सकाळी तुझं वाक्य आठवलं आणि चहा तसाच गार झाला. "काका, गिटार विकतो, वर थोडे घालतो आणि ती केबल घेतो. वाजवणं काही आपल्याच्यानं होईना, निदान ऐकणं तरी फर्स्टक्लास करू." फोनवर मला धड रागावता येत नाही, तुझी काकू शेजारी असते. म्हणून पत्र.

आधी केबलचं उरकून घेऊ. ते सोपं आहे.

अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार, पुण्याच्या शोरूममधली तीन मीटरची जोडी, 85,000 रुपये. तू फरक ऐकलास म्हणतोस, तुझा मित्र हसतोय, आणि खरं कुणाचं हे तुला कळेना. अरे, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलायस ना? मग मांड की हिशेब. मोंढ्यातल्या कुठल्याही दुकानात अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर मिळते. तिचा रोध मीटरला सात-साडेसात मिलिओहम. तीन मीटर जायला आणि तीन यायला, म्हणजे सहा मीटरला 0.045 ओहमच्या आसपास. समोर स्पीकर 8 ओहमचा. एवढ्यानं आवाज पडतो डेसिबलचा विसावा भाग. आता त्याच स्पीकरच्या वूफरला मल्टिमीटर लाव, कॉइल साधारण सहा ओहम दाखवील. बारीक तारेचं वेटोळं असतं ते. अॅम्प्लिफायरमधून निघालेल्या करंटला शेवटी त्याच वेटोळ्यातून जायचंय. शेतात जायला पांदणच आहे; तिच्या तोंडाशी तीन मीटर संगमरवर बसवून गाडी काय पळणार आहे का?

त्या विक्रेत्यानं तुला स्किन इफेक्टही सांगितला. आहे तो, खोटं नाही. वीस हजार हर्ट्झला तांब्यातला करंट वरच्या अर्ध्या मिलिमीटरमधून जास्त वाहतो. पण तू ऐकतोस काय? गिटार. खालची तार मोकळी सोडली तर 82 हर्ट्झ, वरच्या तारेवर पार शेवटच्या पडद्यापर्यंत गेलास तर हजार-बाराशे. त्यात जुन्या जॅझवाल्यांच्या जाड, सपाट गुंडाळीच्या तारा, टोनचा नॉब खाली केलेला, आणि पाच-सहा हजाराच्या वर हातपाय गाळणारा बारा इंची स्पीकर. वीस हजाराला तिथं काय सापडणार आहे, डास?

तार कुठंच महत्त्वाची नाही असं मात्र मी म्हणणार नाही, चाळीस वर्षं त्यातच घालवली आहेत. गणपतीच्या मांडवात पोरं चाळीस मीटर लांब बारीक वायर ओढायची आणि "भाऊ, बॉक्समधून आवाज का निघंना" म्हणून मला बोलवायची. तिथं वायर खरोखर गरम व्हायची. म्हणून तर भोंग्याला शंभर व्होल्टची लाइन देतात, बारीक तारेतूनही ती लांब जाते. आणि तुझ्या गिटारपासून अॅम्पपर्यंत जी तार जाते ना, ती तर खरंच आवाज बदलते. गिटारच्या तारांखाली सूर पकडणारा पिकअप असतो, त्याच्या कॉइलपुढं तिचं कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरायचा गुण, येतं; तार जेवढी लांब तेवढी वरची धार बोथट. पण त्या तारेला हजार रुपये लागतात, आणि ती लावायला गिटार लागते. तीच तू विकायला निघालास.

मग शोरूममध्ये ऐकू काय आलं? तेही सांगतो, कारण मीसुद्धा ऐकलं होतं. 1999 साली मी अशीच एक केबल घेतली, 22,000 रुपयांची. आकडा घरात आजवर कुणाला सांगितलेला नाही, तूही सांगू नको. लावली, डोळे मिटले, आणि बेसला गोलाई आली, झांजेवर चांदी चढली, सगळं सगळं ऐकू आलं. दोन महिन्यांनी काकूला म्हणालो, मी पाठ करून बसतो, तू कधी ही लाव, कधी साधी लाव, मी ओळखतो. तिनं बारा वेळा मागं जाऊन खुडबूड केली. मी बाराही वेळा ठामपणे सांगितलं, "आता महाग. आता साधी." शेवटी कळलं की तिनं एकदाही तार बदलली नव्हती. तिला खाली वाकायचा कंटाळा आला होता.

तेव्हा कानाला दोष देऊ नको. जरासा आवाज मोठा असला तरी तो चांगला वाटतो, किंमत आधी कळली तर जास्तच चांगला वाटतो. एवढ्यावर केबल संपली. आता मूळ गोष्ट.

माझे वडील गंगाखेडला भजनी मंडळात होते. जनाबाईचं गाव, घरोघरी टाळ. पण मंडळाच्या बुवांचा एक नियम होता: अभंगाची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं म्हणून दाखवल्याशिवाय पोराच्या हातात टाळ द्यायचा नाही. मी सहा वर्षांचा असताना रडून गोंधळ घातला, आईनं रदबदली केली, बुवा ढिम्म हलले नाहीत. "आधी म्हणून दाखव." बास. पुढचं सगळं आयुष्य मी हा नियम दुसऱ्यांना सांगितला आणि स्वतः मोडला.

तर तुला विचारतो. तुझ्याकडं चारशे की पाचशे अल्बम आहेत म्हणालास. त्यातला गिटारचा एक सोलो, म्हणजे एकट्यानं वाजवलेला तुकडा, मला म्हणून दाखव. वाजवू नको, तोंडानं म्हण. बारा बार, म्हणजे तालाची बारा मापं. नुसतं "ला ला" चालेल. अडखळशील, मला ठाऊक आहे. मग चांदी चढलेली झांज घेऊन काय करायचंय तुला?

मी जॅझ पहिल्यांदा ऐकलं ते शॉर्टवेव्हवर, व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या कार्यक्रमात. विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक 1955 पासून तो कार्यक्रम करायचा, इंग्रजी न येणाऱ्यालाही कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलायचा. आमच्या माळवदावर वायर टांगून अँटेना केलेला. आवाज यायचा, जायचा, मधेच दुसरं स्टेशन घुसायचं. अर्धा सोलो खरखरीत बुडायचा. आणि ऐक, त्या अर्ध्या सोलोचे सूर मला आजही म्हणता येतात. 22,000च्या केबलमधून जे ऐकलं त्यातलं एक वाक्य येत नाही. काऊन? रेडिओवर तो सूर पुन्हा येणार नव्हता, म्हणून मी तो धरून ठेवला. कॅसेट आणि सीडी काय, उद्याही लागणार होत्या.

1941 साली न्यूयॉर्कच्या मिंटन्स क्लबात चार्ली ख्रिश्चन हा जॅझ गिटारवाला वाजवत होता, तेव्हा जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी डिस्कवर रेकॉर्ड करायचं यंत्र घेऊन तिथं बसायचा. त्या रेकॉर्डिंगमध्ये ग्लास वाजतात, माणसं बोलतात. पुढच्या वर्षी चार्ली क्षयानं गेला, पंचवीस वर्षांचा. तू आता सव्वीस ना? त्या खरखरीत तबकड्यांवरून पुढच्या किती गिटारवाल्यांनी विद्या उचलली! कुणी म्हणालं नाही, थांबा, आधी केबल बदलू.

आणि वेस माँटगोमेरी. तोही गिटारवाला, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. तू म्हणतोस वाळूजच्या शिफ्टमधून वेळ मिळत नाही. तो दिवसा कारखान्यात, संध्याकाळी एका क्लबात, मध्यरात्रीनंतर दुसऱ्या. गिटार विसाव्या वर्षाच्या आसपास धरली. घरात आवाज नको म्हणून तारा छेडायचं पिक बाजूला ठेवलं आणि अंगठ्यानं वाजवू लागला. पुढं त्याची ओळखच त्या अंगठ्यामुळं झाली. नोटेशन वाचता येत नव्हतं. सुरुवातीला काय केलं? चार्लीचे सोलो रेकॉर्डवरून कानानं उचलून सूर न् सूर पाठ केले. ही तीच बुवांची रीत, लेका. गंगाखेड काय आणि इंडियानापोलिस काय, आधी म्हणून दाखव.

आता माझं ऐक, म्हणजे मी इतका का चिडलो ते कळेल. 1975 साली जालन्याच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका मास्तरांकडून मी जुनी गिटार घेतली. तीन वर्षं बरी चालली होती. 1978 ला मुंबईत रंगभवनात पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली. सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स येणार होता, ज्याच्या शेजारी 1962 साली जिम हॉल गिटार धरून बसला होता. परभणीहून छोट्या लाइनीच्या गाडीनं मनमाड, तिथं बदलून मुंबई. जायला-यायला आणि तिकिटाला पैसे जमले होते. त्याच आठवड्यात एकानं रेकॉर्ड प्लेअरची परदेशी सुई विकायला आणली. मी सुई घेतली. म्हटलं, कार्यक्रम एका रात्रीचा, सुई कायमची. सुई तीन वर्षांत झिजली.

1984 ला गिटार विकली आणि कॅसेट डेक घेतला. तेव्हा मी घरात काय म्हणालो माहितेय? "वाजवणं काही होईना, निदान ऐकणं तरी नीट होऊ द्या." तुझ्या फोनवरचं वाक्य, जसंच्या तसं. म्हणून चहा गार झाला.

माझ्यावर वेळही तशी होती, हे तुला कळायला पाहिजे. वडील गेले होते, दोन बहिणींची लग्नं, दुकान नवं. मोंढ्यात बसून जॅझ वाजवतो म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. हे सगळं खरं आहे. आणि त्याच दहा वर्षांत मी स्वतःसाठी अकरा अॅम्प्लिफायर बनवले हेही खरं आहे. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत सोल्डरिंग. वेळ नव्हता असं उगं कुणी म्हणू नये, मी तर नाहीच नाही. अॅम्प्लिफायर मात्र चांगले होते. दोन अजून चालू आहेत, एक तुझ्याच घरी आहे.

अॅम्प बनवताना चुकलं तर दिसतं, धूर निघतो, तो भाग बदलता येतो. बोटं चुकतात तेव्हा बदलायला भाग मिळत नाही, उद्या पुन्हा तेच चुकायचं. म्हणून आपण वस्तूंकडं पळतो. तूही तेच करायलास.

तुला खरंच आवाज सुधारायचाय ना? तुझी खोली दहा बाय बारा, खाली फरशी, वर स्लॅब, चार भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की भांड्यात वाजवल्यासारखी घुमते. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढं ओढ. खाली सतरंजी टाक. मागच्या भिंतीवर आजीची वाकळ टांग, दोन असल्या तर दोन. जोडणीचे स्क्रू वर्षातून एकदा उघडून पुसून घट्ट कर. आपल्याकडं धूळ लै, आणि ढिल्या जोडणीनं जेवढं बिघडतं तेवढं स्वस्त तारेनं कधी बिघडत नाही. एवढं करून ऐक आणि मग मला सांग, केबलसाठी वर घालणार होतास ते पैसे कुठं लावायचे ते.

मी सांगू? निम्मे बँकेत ठेव. उरलेल्यातून गिटारच्या नव्या तारा आण, आणि पुण्या-मुंबईला कुणी जॅझ गिटारवाला वाजवणार असला तर जा. सुई घेऊ नको.

फार बोललो. माझा नियम मीच पाळला नाही, मग तुला सांगायचा हक्क काय, असं तू मनात म्हणत असशील. म्हण. पण न पाळल्यानं काय होतं ते मला जेवढं माहीत आहे तेवढं बुवांनाही नव्हतं.

आणखी एक, तू येऊन बघशीलच म्हणून आधीच सांगतो. ती 1999 ची केबल अजून माझ्या स्पीकरला लावलेलीच आहे. कपाट सरकवल्याशिवाय निघत नाही, आणि तांबं चांगलं आहे तिचं. हसू नको.

रविवारी ये. बारा बार पाठ करून ये. कुठलेही चालतील, चुकले तरी चालतील, पण तोंडानं. गिटार घेऊनच ये. एसटीत जागा नसली तर ड्रायव्हरला सांगून त्याच्या मागं उभी ठेव, डिक्कीत टाकू नको. काकूला शेंगांची चटणी करायला सांगितली आहे.

तुझा काका