कादंबरी लिहून झाली, आता वाचायला देऊ कुणाला?

"लिहून तर झालं. पण वाचायला देऊ कुणाला? दिलं तर हसतील, ढापतील, नाहीतर घरातलं कुणीतरी स्वतःला ओळखून अबोला धरेल." ही काळजी घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे कमी नाहीत. तक्रार आधी वेगळीच असते: झोप लागत नाही, चिडचिड होते. कपाटातली फाईल दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर निघते. त्यात आपल्या गोव्यात गाव एवढं लहान, की कथेतला पोस्टमन कोण हे पहिल्याच पानावर अख्ख्या वाड्याला कळतं.

डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणू.

बाईंची कादंबरी खाणपट्ट्यातल्या एका घराची. कर्ज काढून ट्रक घेतलेला, खाणबंदी आल्यामुळे खाणी बंद, ट्रक अंगणात उभा आणि बँकेचे हप्ते मात्र चालू. दोनशेच्या वर पानं. लिहून संपल्याच्या आनंदात बाईंनी सगळीच्या सगळी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाईक, शाळेतले सहकारी, जुने विद्यार्थी अशा डझनभर लोकांना पाठवून दिली. खाली एक ओळ: 'वेळ मिळेल तेव्हा वाचा आणि प्रामाणिक मत कळवा.' तासाभरात सहा अंगठे आले. दोनशे पानांना तासाभरात! मग सगळीकडे सामसूम. नवऱ्याने दहा पानं वाचली आणि "बरें बरयलां" (छान लिहिलंय) म्हणून फोन चार्जिंगला लावला. आठवड्याने मोठ्या नणंदेचा फोन आला: "ती आत्या म्हळ्यार हांव, न्ही गे?" (ती आत्या म्हणजे मीच, नाही का गं?)

त्यानंतर बाईंनी फाईल उघडली नाही. पुढे मुलांचे निबंध तपासतानाही लाल पेन हातात तसंच राहायला लागलं, तेव्हा त्या आल्या. म्हणाल्या, "मॅडम, माझं लिखाण भिकार आहे हे कुणीतरी तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

मी विचारलं, "पाठवलंत तेव्हा मनात उत्तर काय हवं होतं?"

त्या बराच वेळ पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "खरं सांगू? 'बाई, तुम्ही लेखिका आहात' असं कुणीतरी म्हणायला हवं होतं."

यात लाजण्यासारखं काहीच नाही. एवढं लिहिल्यावर पाठीवर हात हवाच असतो. पण ती मागणी एक, आणि 'कुठे बिघडलंय ते दाखवा' ही मागणी दुसरी. बाईंनी दोन्ही मागण्या एकाच निरोपात, त्याच त्या माणसांकडे केल्या. नवऱ्याला पहिली ऐकू आली, त्याने आपल्या परीने ती पुरी केली. बाईंचा कान मात्र त्या वेळी दुसरीकडे लागलेला. ज्यांना यातलं नेमकं काय हवंय ते कळलं नाही त्यांनी अंगठा दाखवून सुटका करून घेतली. माझ्या अनुभवात 'वाचक मिळत नाहीत' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच घोटाळा असतो.

कागदावर मध्ये रेघ मारून आम्ही एका बाजूला जे घडलं ते लिहिलं, दुसऱ्या बाजूला त्यावरून बाईंनी जे ठरवलं ते. डावीकडे 'सहा जणांनी अंगठा दिला', उजवीकडे 'त्यांना कंटाळा आला, पण तोंडदेखलं वागले'. उजवी बाजू भरून वाहत होती, डावीकडे जेमतेम चार ओळी. गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी वाईटात वाईट वाक्य घालणं ही मनाची जुनी खोड. विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत हा रेघेचा कागद रोजच्या वापरातला आहे.

मग अपेक्षित प्रश्न आलाच. "मॅडम, तुम्हीच वाचा ना." मी नाही म्हटलं. मी वाचली असती तर पुढच्या भेटीपासून बाई माझ्यासमोर मन मोकळं करायला बसल्या नसत्या, निकाल ऐकायला बसल्या असत्या.

वाचक पुन्हा नव्याने शोधायचे ठरले, ज्यांना इंग्रजीत बीटा रीडर म्हणतात ते. म्हणजे छापण्याआधी, वाचक म्हणूनच वाचणारे. संपादक नव्हेत, मुद्रितशोधकही नव्हेत. घरचं कुणी नको, हे पहिलं ठरलं. लेखकमित्र मलाही पहिला वाचक म्हणून फारसा पसंत नाही. तो तुमची कादंबरी वाचता वाचता त्याची लिहायला लागतो. बाईंनी तिघं निवडली. एक, आठवड्याला वाचनालयातून कादंबऱ्या नेणाऱ्या शेजारच्या गावच्या काकी. दुसरे खाणीवर सुपरवायझर म्हणून उमेदीची वर्षं काढलेले गृहस्थ, ज्यांना साहित्यातलं काही कळत नाही असा त्यांचा स्वतःचा दावा. तिसरी, सावंतवाडीची एक जुनी मैत्रीण. संवाद कोकणीत आणि निवेदन मराठीत असल्यामुळे, गोव्याबाहेरचा वाचक कुठे अडखळतो हे कळायला तिची गरज होती.

या खेपेला आधी विचारलं, मग दिलं. सगळी कादंबरी नाही, पहिली चाळीस पानं, कागदावर छापून. पुढे वाचावंसं वाटलं तर मागून घ्या, नाही वाटलं तर तेही उत्तरच आहे, असं सांगून. सोबत प्रश्नांची चिठ्ठी. बाईंनी पहिला प्रश्न लिहिला होता 'आवडली का?' तो खोडला. त्याला 'हो' शिवाय उत्तर द्यायची कुणाची छाती होणार? त्याऐवजी आलं: वाचताना पुस्तक खाली कुठे ठेवलंत? कुठली पानं नुसती चाळलीत? कोण कोणाचा कोण, हे कुठे विसरायला झालं? कुठे 'असं घडत नसतं' असं वाटलं? अशा प्रश्नांना उत्तर द्यायला वाचक विद्वान असावा लागत नाही आणि त्याला वाईटपणाही घ्यावा लागत नाही. परत द्यायची तारीखही ठरवली, म्हणजे रोज उठून फोनकडे बघणं नको.

तिघांनीही उरलेली पानं मागून घेतली. काकींचा निरोप आला तेव्हा तो ऐकण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवायचा, असं आमचं ठरलं होतं. बाईंनी लिहिलं: 'भाषा शाळेतल्या निबंधासारखी आहे म्हणतील.' भाषेबद्दल काकी चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांना कादंबरीतलं खाणबंदीच्या कोर्टकचेऱ्यांचं प्रकरण पेपर वाचल्यासारखं वाटलं आणि त्यांनी ते उलटून टाकलं. सावंतवाडीच्या मैत्रिणीनेही तेच प्रकरण चाळलं होतं. कोकणी संवाद तिला अडले नाहीत. बाईंना त्याचीच धास्ती जास्त होती.

सुपरवायझरबाबांना मात्र तेच कोर्टाचं प्रकरण सगळ्यात आवडलेलं. ते चिठ्ठीवर थांबले नाहीत, पेन्सिल घेऊन पानांवरच उतरले. एका पानावर ट्रक बंद पडतो तेव्हा घरात चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधतायत, आणि पान उलटलं की पोरं काजूची बोंडं गोळा करतायत. समासात त्यांनी लिहिलं होतं: '2012 ची खाणबंदी चवथीच्या तोंडावर, सप्टेंबरात. काजूच्या दिवसांतली ती 2018 ची, मार्चमधली. तुम्ही दोन्ही एकच केलीत. मधली दोन-तीन वर्षं आम्ही सगळे परत कामाला लागायची वाट बघत होतो, ती कुठे गेली?'

त्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या त्या ही पानं फडकवतच. चूक निघाली म्हणून दुःख नव्हतं. "मॅडम, ती वाट बघण्याची वर्षं! मी लिहिलीच नव्हती!" कोर्टाच्या प्रकरणाबद्दल दोघी एकीकडे आणि एक दुसरीकडे, मग करायचं काय, हे मी सांगितलं नाही. दोघांना एकाच जागी ठेच लागली तर तिथे काहीतरी आहे एवढं नक्की. ते काढायचं, कापायचं की वर आणायचं हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. बाईंनी ते प्रकरण निम्मं केलं.

चोरीच्या भीतीबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या मजकुरावर हक्क लिहिल्यापासूनच असतो. नोंदणी सक्तीची नाही. अप्रकाशित साहित्याचीही नोंदणी हवी तर करता येते. नुसत्या कल्पनेला मात्र हा कायदा संरक्षण देत नाही, आणि खाणी बंद पडण्याची गोष्ट बाईंच्या एकटीच्या मालकीची नव्हतीच. मसुदा ईमेलने पाठवला की तारखेचा पुरावा आपोआप राहतो. खरी काळजी दुसरीकडे घ्यावी: स्पर्धा आणि दिवाळी अंक बहुधा अप्रकाशित साहित्य मागतात, तेव्हा प्रतिक्रियांच्या हौसेपोटी सगळा मजकूर चारचौघांत जाहीर टाकून मोकळं होऊ नये.

राहिली नणंद. हा भाग सगळ्यात अवघड होता आणि त्याला अजून पूर्ण उत्तर मिळालेलं नाही. कादंबरीतली आत्या भावाला ट्रकसाठी दागिने देते आणि पुढे प्रत्येक सणाला ते बोलून दाखवते. मी विचारलं, "यातलं कथेला काय लागतं?" दागिने लागतात, बोलून दाखवणंही लागतं, असं बाई म्हणाल्या. पण आत्याचं लंगडणं, तिचं टेलरिंगचं दुकान आणि 'आमच्या काळात' ने सुरू होणारी वाक्यं लागत नव्हती; ती सहज हाताशी होती म्हणून आली होती. ती गेली. नणंदेला मसुदा पुन्हा वाचायला न देता बाई तिच्या घरी जाऊन बसल्या आणि "दागिन्यांची गोष्ट तुमच्यावरून सुचली, बाकी आत्या माझी मी घडवली" असं सांगून आल्या. नणंद म्हणाली, निदान त्या आत्येला शेवटी दागिने परत मिळू देत. बाईंनी कबूल केलेलं नाही. बोलणं चालू आहे, येणंजाणंही आहे.

दुसरा मसुदा तयार होतोय. पहिल्या तिघांना आता गोष्ट ठाऊक झाली आहे, त्यांची नजर कोरी राहिलेली नाही. म्हणून सगळे वाचक पहिल्या फेरीतच खर्चून टाकू नका, असं मी लिहिणाऱ्यांना सांगते. बाईंच्या मनात फोंड्याच्या कॉलेजात शिकणारी त्यांची एक विद्यार्थिनी होती. तिला त्यांनी पहिल्या खेपेला मुद्दामच काही दिलं नव्हतं.