पाणी आणि गरिबी यांचा संबंध गावपातळीवर कसा मोजावा?

एम.ए.च्या प्रबंधासाठी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि येवला तालुक्यांतलं एकेक गाव घेऊन पाऊस आणि विहिरींची संख्या गरिबीशी ताडून पाहिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावर भागणार नाही. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच पाड्यांवर बाया झिऱ्यातून वाटी-वाटीने हंडा भरतात. येवल्यात पाऊस त्याच्या चौथाईच्या आसपास, तरी विहिरीला पाणी टिकलेला शेतकरी उन्हाळ कांदा काढतो. खाली काळा पाषाण आहे. पाणी साठतं ते फक्त मुरमात आणि खडकाच्या भेगांत. पेठच्या उतारावर तेही थांबत नाही.

म्हणून तालुक्याची सरासरी सोडा. एक कुटुंब आणि एक महिना, हे तुमचं एकक धरा.

कॅरोलिन सलिव्हन यांनी 2002 मध्ये मांडलेला जलदारिद्र्य निर्देशांक वाचाच. साधनसंपत्ती, पाण्यापर्यंतची पोहोच, क्षमता, वापर आणि पर्यावरण असे त्याचे पाच घटक. चौकट चांगली आहे, पण पाचांची मिळून एक संख्या केली की पेठचा भरपूर पाऊस पोहोचीतला खड्डा झाकून टाकतो. माझ्या मते पाचही आकडे वेगळे छापावेत.

घरगुती पाण्यासाठी 'पाणी पुरतं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. घरातला हंडा लिटरच्या मापाने भरून बघा, मग रोजच्या खेपा मोजा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर, म्हणजे 15 लिटरचे साधारण 18 हंडे. डोक्यावर दोन हंडे धरले तरी नऊ खेपा. एका खेपेला जाऊन-येऊन आणि भरायला 40 मिनिटं लागत असतील तर सहा तास गेले. त्या सहा तासांची मजुरी बुडाली का, मुलीची शाळा बुडाली का, हे विचारा. गरिबीशी दुवा इथे सापडतो. आणि हे पाणी भरणाऱ्या बाईलाच विचारा, पुरुष खेपा कमीच सांगतात.

शेतीच्या पाण्याचा हिशेब त्याच लिटरमध्ये मांडा. एका एकराला 5 सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे 2 लाख लिटर. वरच्या कुटुंबाला 55 लिटरच्या निकषाने वर्षाला लागतं 1 लाखाच्या आसपास. हे शेजारी ठेवलं की वाटपाचा प्रश्न आपोआप समोर येतो. शेततळं दिसलं तर ते कशाने भरतात हे हमखास विचारा. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरत असतील तर ते पाऊस साठवणं नव्हे. सगळ्यांच्या भूजलातला वाटा एकाच्या प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गेला, आणि वर बाष्पीभवनाची तूट.

विहिरीची पातळी ऑक्टोबरमध्ये आणि मेमध्ये, दोन्ही वेळा सकाळी मोटार सुरू होण्याआधी घ्या. वजन बांधलेला टेप सोडा, कठड्याची उंची वजा करा. मोटार चालू असताना घेतलेलं माप उपशाचं असतं, भूजलाचं नाही. हिवाळ्यातल्या एकाच फेरीवर बांधलेले निष्कर्ष तर सरळ चुकतात.

तुलनेला ओझरच्या आणि वाघाड धरणावरच्या पाणी वापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, घ्या. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांना उभं केलं. पाणी मोजून घेऊन वाटण्याचं काम तिथे संस्था करतात. तिथेही भूमिहीनांच्या हाती काय पडतं, हा स्तंभ कोरा ठेवू नका.

नमुना निवडताना कुलूप दिसलेलं घर 'प्रतिसाद नाही' म्हणून गाळू नका. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात, आणि तुमचा प्रबंध मुळात त्यांच्यावरच आहे. कोण, कधी, कुठे गेलं हे शेजाऱ्यांकडून लिहून घ्या आणि होळीला पुन्हा जा. तेव्हा बरीच घरं उघडी सापडतात.