ग्राउंडचे जोडे वेगळे, दिवसभराचे वेगळे

प्रश्न : नमस्कार दादा, मी आर्णी तालुक्यातला आहो. सकाळी पोलीस भरतीसाठी धावतो अन् मग दिवसभर कृषी केंद्रावर कामाले असतो, बसाले भेटतच नाही. मित्राजवळ ते जुन्या स्टाइलचे रनिंग शूज पाह्यले, करडा कलर, जाळीवर सुएडच्या (मखमली चामड्याच्या) पट्ट्या, घालून पाह्यले तं एकदम नरम. घरचे म्हणते एवढे पैसे कायले. एकाच जोड्यात धावणं अन् काम दोन्ही होईन काय? अन् आपली काळी माती चालते काय त्याइले?

उत्तर : भाऊ, आवडले असतील तर घे, पण कामासाठी घे, ग्राउंडसाठी नको. हे जोडे एके काळी धावायलाच बनले होते, नायकीचा कॉर्टेझ 1972 चा, सॉकनीचा जॅझ 1981 चा, न्यू बॅलन्सचा 574 तर 1988 चा, पण तेव्हापासून धावायच्या जोड्यांचे फोम पार बदलले, वजन उतरलं. भरतीत पोरांना 1600 मीटर मारायचे असतात आणि तिथे वेळेवर मार्क ठरतात, त्यामुळे पैसे एकाच जोडीपुरते असतील तर आधी आजच्या बनावटीचे हलके रनिंग शूज घे, भरती होऊ दे मग हौस.

आता नरम का लागले ते सांगतो, कारण त्यातच खरी गंमत आहे. 574 च्या टाचेत आत मऊ ईव्हीए फोम असतो आणि त्याच्याभोवती पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकची टणक कड, म्हणजे टाच मऊ जागी टेकते पण पाय बाजूला कलंडत नाही. खताच्या पोत्यांमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्याला हेच पाहिजे. नुसती लुसलुशीत चप्पल घातली की संध्याकाळी पोटऱ्या भरून येऊ शकतात. वर जाळी असल्याने आपल्याकडच्या मे महिन्यात पाय जरा तरी श्वास घेतो. आणि दिसायला म्हणशील तर मला स्वतःला तो करडा रंगच सगळ्यात आवडतो, जीन्सवर जातो, लग्नात साध्या पँटवरही जातो, भडक वाटत नाही.

काळ्या मातीचं मात्र सांभाळ, कारण खालचा सोल. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचे धावण्याचे कोच आणि नायकीचे एक संस्थापक बिल बॉवरमन यांनी घरातल्या वॅफलच्या (चौकोनी खाचांच्या गोड पोळीच्या) साच्यात रबर ओतलं आणि त्यातून ते चौकोनी गुठळ्यांचे सोल निघाले, पकड झकास, पण पावसाळ्यात पांदणीने गेलास की त्या खाचांत चिखल असा बसतो की जोडा दुप्पट जड होतो. तेव्हा जून ते सप्टेंबर वावरात गमबूटच बरे. सुएडवर चिखल उडाला तर ओला असताना पुसू नको, पसरतो. वाळू दे, मग कोरड्या ब्रशने झाड. बादलीत भिजवायचे नाहीत आणि धुऱ्यावर कडक उन्हातही ठेवायचे नाहीत, चिकटवलेलं सुटतं.

अजून एक, ऑनलाइन कोणी त्या काळातले ओरिजिनल, न वापरलेले जोडे म्हणून विकत असेल तर घेऊ नको, पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने डब्यातल्या डब्यातच खराब होतं आणि घातल्यावर सोलचा चुरा पडतो. कंपन्या तीच मॉडेलं नव्याने काढतात, ती घे. आणि दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगलेला असतो तेव्हाच, मोजे घालून, पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवून बघ.