समोरच्याला न सांगता रेकॉर्ड केलेला कॉल कोर्टात चालतो का?

प्रश्न : भाड्याचं घर सोडून चार महिने झाले. ७५ हजारांचं डिपॉझिट परत करतो, असं घरमालकाने फोनवर तीनदा कबूल केलं. आता 'मी असं बोललोच नाही' म्हणतो. मी ते कॉल त्याला न सांगता रेकॉर्ड केलेत. उलट माझ्यावरच केस होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः आहात, ते समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं आपल्याकडे गुन्हा नाही. लाचेच्या प्रकरणात मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं) फोनवरचं बोलणं, ज्या डॉक्टरच्या फोनवरून ते झालं त्याच्या संमतीने टेप केलं होतं. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, तरी असे पुरावे बाद झालेले नाहीत. जुलै २०२५ मध्ये घटस्फोटाच्या दाव्यात पतीने गुपचूप केलेलं पत्नीचं रेकॉर्डिंगही सर्वोच्च न्यायालयाने चालवून घेतलं.

घोटाळा होतो तो नंतर. लोक तासाभराच्या कॉलमधला 'कामाचा तेवढा' मिनिटभर कापून ठेवतात, तो व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाला पाठवतात आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतात. मग समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, 'मागचंपुढचं कुठे आहे?' त्याला उत्तर नसतं.

म्हणून मूळ फाईलला हात लावू नका. नाव बदलू नका, आवाज वाढवू नका. केबलने लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर तिची प्रत काढा. फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. प्रत्येक कॉलची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहा आणि बोलणं शब्दशः उतरवून ठेवा, 'हं', 'बघू' यांसकट. मोबाइल कंपनीकडचा कॉलचा तपशील कोर्टामार्फत लवकर मागवायला वकिलांना सांगा, कारण तो कायमचा ठेवला जात नाही.

कोर्टात प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (१ जुलै २०२४ पूर्वी जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब). त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. एक सेकंद कापलात तरी ती पूर्ण बदलते, म्हणूनच कापाकापी नको. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर हे प्रमाणपत्र हवंच.

आणि कृपा करून 'पैसे दे, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो' असं म्हणू नका. त्याने खंडणीची तक्रार तुमच्यावर येऊ शकते आणि हातातली बाजू जाते. आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. रेकॉर्डिंग आहे हे त्यात लिहायचं की नाही, ते वकिलाला ठरवू द्या.

प्रश्न : नवऱ्याच्या फोनमध्ये त्याचे सगळे कॉल मला पाठवणारं अ‍ॅप टाकलं तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : टाकू नका, टाकलं असेल तर काढा. वरची सूट स्वतःच्या बोलण्यापुरती आहे. इतर दोघांचं बोलणं चोरून ऐकणं वेगळं. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये बेकायदा संदेश अडवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ लागू शकतं. लग्नाचं नातं ही परवानगी नव्हे. संशय खरा असला तरी पुरावा रीतसर, कुटुंब न्यायालयातून मागवा.

प्रश्न : मुलगी म्युनिकला नोकरी करते. साहेब तिला फोनवर वाटेल ते बोलतात. तिने रेकॉर्ड करावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गुपचूप अजिबात नको. जर्मनीच्या दंडसंहितेच्या कलम २०१ प्रमाणे खासगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हाच गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. तिने कॉल संपताच, त्याच दिवशी, साहेबांना ईमेल करावा : 'आज अमुक वाजता आपण असं म्हणालात.' त्याची एक प्रत आपल्या खासगी खात्यावर ठेवावी. ऐकणारा सहकारी असेल तर त्याचं नाव लिहून ठेवावं आणि कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांची निवडलेली समिती असेल, तर तिच्याकडे जावं.