कॅनडातल्या प्रांतांनी कार्बन कराला, म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या उत्सर्जनावरच्या कराला, एवढा विरोध का केला? हवामानाची जबाबदारी त्यांना नकोच होती का?

नकोच होती असं सरसकट म्हणता येणार नाही. ज्या अल्बर्टाचं नाव आज विरोधकांत सर्वांत पुढे असतं, त्याच प्रांताने २००७ मध्ये मर्यादेबाहेर उत्सर्जन करणाऱ्या मोठ्या कारखान्यांना टनामागे १५ डॉलर भरायला लावले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाने पेट्रोलपासून घरगुती गॅसपर्यंत सगळ्यांवर १० डॉलरचा कर बसवला. तोही उजवीकडे झुकलेल्या सरकारने, आणि आलेला पैसा इतर कर कमी करून लोकांना परत दिला.

भांडण पेटलं ते किमान दर ओटावा, म्हणजे केंद्र सरकार, ठरवणार म्हटल्यावर. २०१८ च्या कायद्यानुसार प्रांताने स्वतःची व्यवस्था करायची, नाही तर केंद्र कर लावणार. सस्कॅचेवान, ऑन्टारियो आणि अल्बर्टा न्यायालयात गेले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा केंद्राच्या बाजूने निकाल दिला. एका प्रांताने हात वर केले तर त्याचे परिणाम इतरांनाही भोगावे लागतात, हा त्यातला मुख्य मुद्दा मला पूर्णपणे पटतो.

पण अल्बर्टाचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. तेलाच्या कमाईतून मिळणारा कर साऱ्या देशाच्या तिजोरीत जातो, तेल जळतं बहुतेक दुसरीकडे, आणि ते काढताना होणारं उत्सर्जन मात्र आमच्या नावावर, ही तिथली तक्रार आहे. तिच्यात तथ्य आहे. फक्त त्यावरून कर नकोच, असं ठरत नाही. 'जगाच्या उत्सर्जनात कॅनडाचा वाटा २ टक्क्यांहून कमी, मग आम्हीच का?' हा युक्तिवाद तर मला अजिबात मान्य नाही. दरडोई उत्सर्जनात हा देश जगात वरच्या रांगेत आहे.

माझ्या मते कर खरा बुडाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या सरकारने घरं गरम ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. सूट कागदावर देशभर होती, पण हे तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांत वापरलं जातं, आणि तिथे ट्रुडोंच्याच लिबरल पक्षाचे बरेच खासदार होते. प्रेअरीतली (अल्बर्टा, सस्कॅचेवान अशा मैदानी प्रांतांतली) घरं तितक्याच कडक थंडीत नैसर्गिक वायूवर चालतात. त्यांना काहीच नाही. म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या इंधनाला माफी आणि त्यामानाने स्वच्छ इंधनावर कर! सस्कॅचेवानचे प्रीमियर (प्रांताचे सरकारप्रमुख) स्कॉट मो यांनी जानेवारी २०२४ पासून घरं गरम करणाऱ्या नैसर्गिक वायूवरचा कर गोळा करणंच थांबवलं. ते कायद्याला धरून नव्हतं, तरी लोकांना त्यांचा राग का पटला हे समजतं.

त्यात परताव्याची माहिती नीट पोहोचलीच नाही. वसुलीतला सुमारे ९० टक्के पैसा घराघरांत परत जात होता, पण तो गुपचूप खात्यात पडायचा. पेट्रोलवरचे लिटरमागे १७.६ सेंट मात्र प्रत्येकाच्या तोंडी. शेवटी १ एप्रिल २०२५ पासून, ट्रुडोंनंतर पंतप्रधान झालेल्या मार्क कार्नी यांच्या सरकारने ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणला आणि त्याच दिवशी ब्रिटिश कोलंबियानेही आपला कर काढला.

मोठ्या उद्योगांच्या उत्सर्जनावरचा दर मात्र तेव्हा कायम ठेवला गेला, आणि क्वेबेक प्रांताची कॅलिफोर्नियाशी जोडलेली उत्सर्जन-परवान्यांची बाजारपेठही (जिथे कंपन्या उत्सर्जनाचे परवाने विकत घेतात) चालू राहिली. देशाच्या उत्सर्जनात तेल-वायू क्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणून पंपावरच्या करापेक्षा या औद्योगिक दराचं काय होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.